सहा दिवस घासलेला दगड

“तीसच्या तीस?” बाईंनी विचारलं.

“तीसच्या तीस,” मी म्हणालो आणि पिशवीतलं एक कलम काढून त्यांच्या पडवीतल्या टेबलावर ठेवलं. खालचं रोप हिरवंगार, आणि त्यावर बांधलेली आंब्याची काडी पार काळी पडलेली.

बाईंनी चष्मा लावला आणि सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी हळूहळू सोडवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कलमं बांधण्यात तेव्हा माझी तीस वर्षं गेलेली. संगमेश्वरात कुणालाही विचारा, रघुवीर धुमकाने बांधलेली शंभरातली नव्वद कलमं जगतात असंच सांगेल. आणि इथे एक जगलं असतं तरी पुरलं असतं, तर एकही नाही!

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. इंदुमती घाणेकर बाई त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. हयातभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नाही. घर हमरस्त्याला लागून, आणि तो रस्ता रुंद व्हायचा होता. मागचं आंब्याचं झाड दसऱ्याआधी तोडणार, घर दिवाळीनंतर पाडणार, अशी नोटीस आली होती. मग बाई कर्जतला पुतण्याकडे जाणार होत्या.

घराचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. “भिंती काय हो, कुठेही मिळतात,” म्हणायच्या. पण परसातल्या आंब्याचं नाव काढलं की बाई उठून मागच्या दाराशी जायच्या. तो आंबा त्यांच्या वडिलांनी कोय पुरून वाढवलेला. फळ लहान, केसाळ, पण कापलं की शेपूच्या भाजीसारखा वास घरभर सुटायचा. म्हणून त्याला सगळे शेप्या म्हणायचे. तसला दुसरा आंबा मी तरी कुठे पाहिला नाही. पुतण्याच्या अंगणात एका झाडापुरती जागा होती, तेवढ्या जागेत बाईंना शेप्याचं कलम लावायचं होतं. बाकी इथून काहीच न्यायचं नव्हतं त्यांना. त्या एका कामासाठी त्यांनी मला बोलावलं होतं, आणि मी हे असं काळं तोंड घेऊन उभा होतो.

“धुमक, तुमचा चाकू बघू,” बाई म्हणाल्या.

“चाकूला काय झालंय?”

“बघू तर द्या.”

मला राग आला. माझ्या चाकूला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. मी बाही वर केली आणि तिथल्या तिथे मनगटावरचे केस सरसर उतरवून दाखवले. “बघा! वस्तरा आहे वस्तरा!”

“केस कापायचे आहेत का काडी?” बाई म्हणाल्या आणि आत जाऊन शाळेतलं जाडं भिंग घेऊन आल्या.

त्यांनी मला एका ओल्या डहाळीवर तिरपा काप घ्यायला लावला. मग भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं आणि माझ्यासमोर सरकवलं. मी डोळा लावला आणि गारच पडलो. नुसत्या डोळ्यांना काप आरशासारखा दिसत होता, पण भिंगाखाली नांगरलेल्या शेतासारखी सरीला लागून सरी. काडीची पाचर रोपाच्या चिरेत बसते तेव्हा साल सालीला बेमालूम भिडावी लागते. अशा खाचा असल्यावर भिडणार काय? मध्ये हवा राहते, आणि काडी वाळते.

“धार कशावर लावता?”

“नवा दगड आहे.” मी पिशवीतून तो बाहेर काढला. सिरॅमिकचा, पांढराशुभ्र. मे महिन्यात रत्नागिरीच्या प्रदर्शनात घेतला होता. विकणारा म्हणाला होता, याला तेल नको, याला घासायचं नाही, हा झिजतच नाही, पंचवीस वर्षांनीही आज आहे तस्साच राहील. माझा जुना दगड मधोमध खोलगट झाला होता, तो मी ऐटीत न्हाणीघराच्या पायरीखाली टेकू म्हणून घातला. तिथे तो चिरला. आता माझ्याकडे होता तो एवढा पांढरा.

“नवा कोरा आहे, बाई. याला काय होणार?”

“नवा आहे म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “कारखान्यातून वस्तू येते ती काय देवाने पाठवलेली असते? नख फिरवा.”

मी अंगठ्याचं नख दगडावरून ओढलं. एका कडेजवळ ते किंचित अडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा अडलं, आणि थोडं पुढे जाऊन आणखी एकदा. बाईंनी पेन्सिल घेतली आणि सबंध दगडावर आडव्याउभ्या रेघा मारल्या. त्यांच्या टेबलावर जाड काच होती. ती ओली करून त्यांनी मला दगड तिच्यावर पालथा घालून चारदा फिरवायला सांगितलं. उलटा करून पाहतो तर दोन जागी पेन्सिल साफ गेलेली, बाकी सगळीकडे जशीच्या तशी. म्हणजे दगडाला दोन उंचवटे होते, आणि उजेडाकडे तिरपा धरला तर करवतीच्या बारीक रेषाही दिसत होत्या. पात्याची धार दर खेपेला त्या उंचवट्यांवर ठेचत होती, आणि मी गाढव मनगटाचे केस काढून खूश होत होतो. आमच्या धंद्यात सगळे तेच करतात. केस गेला की धार झाली! झाडाला कुणी विचारत नाही.

“मला आधी कळायला हवं होतं,” मी म्हणालो.

“आता कळलं ना? सपाट करता येईल का हा?”

“करू की. कठीण आहे, पण होईल. गॅरेजात व्हॉल्व्ह घासायची काळी पेस्ट मिळते. ती काचेवर टाकायची आणि दगड फिरवत राहायचं.”

“आणि काड्या?”

मी परसात जाऊन वर पाहिलं. खालच्या फांद्यांवरच्या चांगल्या काड्या पहिल्या खेपेला संपल्या होत्या. म्हातारं झाड, कोवळी फूट कमीच. अगदी शेंड्याकडे मोजून चौदा सापडल्या. शिडी लावून मी चढलो आणि त्या चौदा काड्यांची पानं देठं ठेवून कापून टाकली. अशी पानं कापली की झाड सगळा जोर टोकाच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात घालतं. नवव्या-दहाव्या दिवशी देठं आपोआप गळतात आणि डोळा फुगतो. तेव्हाच काडी उतरवायची. तिथून पुढे फार तर तीन दिवस. डोळा फुटून पान बाहेर आलं की ती काडी कलमाच्या कामाची राहत नाही. हे सगळं मी शिडीवरूनच बाईंना सांगितलं. त्या खाली उभ्या राहून वर्गात टिपण घ्यावं तशा लक्ष देऊन ऐकत होत्या.

“म्हणजे ही शेवटची खेप,” त्या म्हणाल्या.

“शेवटची. यानंतर पुन्हा पानं कापून थांबायला दिवस नाहीत.”

नवव्या दिवशी सकाळी मी पेस्टचा डबा घेऊन गेलो. माझा बेत काच उचलून घरी नेण्याचा होता. बाई म्हणाल्या, “कशाला? वाटेत फुटली म्हणजे? इथेच घासा. मला काही अडचण नाही.”

म्हणून मी पडवीत बसलो. काचेवर बोटभर पेस्ट, चार थेंब पाणी, आणि दगड आठाच्या आकड्यात फिरवायचा. खर्र खर्र असा कानाला झिणझिण्या आणणारा आवाज. दर अर्ध्या तासाने पुसायचं, पेन्सिलीच्या रेघा मारायच्या, पुन्हा घासायचं. पेन्सिल जिथून जाते तो उंच भाग, जिथे राहते तो खोलगट. बाई समोर खुर्चीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दुपारी मी डबा काढला तर म्हणाल्या, “ठेवा तो डबा. मी एकटीचं शिजवते, दोघांचं शिजवायला काही वेगळी चूल लागत नाही.”

मी तेव्हा चोपन्नचा. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरी गेलो की कुलूप काढायचं, कंदमूळ शिजवावं तसं काहीतरी शिजवायचं आणि रेडिओ लावायचा. कुणी विचारलं तर सांगायचो, मजेत आहे. मजेत कसला! दिवस दिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही. झाडांशी बोलावं तर तीही लोकांची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी दगड पुसला, रेघा मारल्या, काचेवर तीनदा फिरवला. उलटा केला. सगळी पेन्सिल एकसारखी फिकी झाली होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. नख फिरवलं, लोण्यावरून गेल्यासारखं गेलं. दगड झाला होता.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. “कितपत आलंय?”

मी दगड पालथा केला. तोंडातून निघून गेलं, “अजून थोडं आहे. एका कोपऱ्यात.”

“मग उद्या या,” त्या म्हणाल्या. “दगड इथेच राहू दे. उद्या आंबोळ्या करते.”

खरं सांगतो, घरी जाताना मी स्वतःला म्हटलं, एकच दिवस. डोळे आत्ताशी फुगायला लागलेत, एक दिवसाने काय बिघडतंय? आणि तो दिवस फार छान गेला. बाईंनी पहिल्या वर्षी शाळेत प्रयोग करताना टेबलक्लॉथ कसा पेटवला ते सांगितलं, आणि मी हसून हसून पेस्टचा हात कपाळाला लावला. “आरशात बघा, टिळा लावलाय,” म्हणून त्याही हसल्या. मी तुळसणीच्या एका खोताने एका झाडावर पाच जातींची कलमं बांधून घेतली आणि शेवटी कुठली फांदी कसली ते विसरला, ते सांगितलं. किती वर्षांनी कुणी माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होतं.

तिसरा दिवस झाला, मग चौथा. मी धुतलेला सदरा घालून जायला लागलो. झालेला दगड मी घासत होतो, नुसता, पेस्ट न टाकता, आवाजापुरता. सकाळी आलो की परसात जाऊन वर बघायचो. चौथ्या दिवशी देठं सगळी गळालेली, डोळे टपोरे झालेले. त्याच दिवशी उतरवायला हव्या होत्या. मला कळत होतं. माझ्यासारख्याला कळणार नाही तर कुणाला? मी पडवीत आलो आणि म्हणालो, “अजून एक दिवस, बाई. धारेत कसर नको.”

“नको. कसर नको,” त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दोन डोळ्यांच्या टोकाला तांबूस छटा दिसली. आज कापायच्याच, असं ठरवून मी चाकू बाहेर काढला. बाई आतून म्हणाल्या, “धुमक, उद्या घावनं करणार आहे, नारळाच्या रसाबरोबर. तुम्हाला आवडतात ना?”

मी चाकू परत मिटला. घावनांसाठी! लोक जमिनीच्या तुकड्यासाठी पाप करतात, पैशासाठी करतात. मी घावनांसाठी केलं. आणि घावनांसाठीही नाही. उद्या कुणीतरी माझी वाट बघेल, एवढ्यासाठी.

सहाव्या दिवशी परसात गेलो तेव्हा शेंड्यावर चौदाच्या चौदा डोळे फुटून नखाएवढी तांबडी पानं बाहेर आली होती. सकाळच्या उन्हात झाड सुरेख दिसत होतं. मी शिडी लावून चढलो आणि सगळ्या काड्या उतरवल्या. पडवीत बसून, नव्या दगडावर चाकू परजून, मी चौदा कलमं बांधली. काप भिंगाखाली काचेसारखा गुळगुळीत दिसत होता. इतकी सुंदर कलमं मी आयुष्यात कधी बांधली नाहीत, आणि बांधतानाच मला ठाऊक होतं की ती मेलेली आहेत.

“जगतील ना?” बाईंनी विचारलं.

“बघू,” मी म्हणालो. त्या दिवशी घावनं ताटात तशीच राहिली.

चारच दिवसांनी झाड तोडणारे आले. मी तिथेच होतो. पडलेल्या फांद्यांवर धडपडत मिळतील त्या काड्या गोळा केल्या. मुकादम म्हणाला, “काका, बाजूला व्हा, डोक्यात पडेल काहीतरी.” त्या काड्या निबर होत्या. पानं न कापलेल्या, डोळा झोपलेला. त्यांचीही कलमं बांधली, नाही असं नाही. बाई त्या दिवशी पुढच्या खोलीत बसून राहिल्या, बाहेर आल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर पुतण्या गाडी घेऊन आला. बाईंचं सामान दोन ट्रंका आणि पुस्तकांची चार खोकी, बस्स. तो मागे दोरी बांधत होता. मी रिकाम्या हाताने गेलो होतो, त्यावरूनच त्यांना समजलं असणार. तरी त्यांनी विचारलं.

“एकही नाही?”

“नाही, बाई.”

त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि मला थोडं बाजूला, जिथे परस होतं तिकडे बोलावलं. “धुमक, एक सांगायचंय. न सांगता गेले तर मला तिकडे झोप लागायची नाही.”

“सांगा की.”

“तुमचा दगड दुसऱ्याच दिवशी सपाट झाला होता.”

मी पुतण्याकडे पाहिलं, तो अजून दोरी आवळत होता.

“तुम्ही घरी गेल्यावर मी बघितलं. रेघा मारल्या आणि काचेवर फिरवला. सगळ्या एकदम गेल्या. मला वाटलं, सकाळी तुम्हाला सांगावं.” त्या जमिनीकडे बघत होत्या. “नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही काड्या उतरवून, कलमं बांधून, दुपारी घरी गेला असतात. मग तुम्ही पुन्हा कशाला आला असता?”

पुतण्याने मागून हाक मारली, “आत्या, झालं का?” बाईंनी त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं.

“वर डोळे फुगत होते ते मला दिसत होतं. तुम्हीच शिकवलं होतंत. रोज बघायचे आणि रोज तुम्हाला काहीतरी खायला करायचे.” मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, दगड झालाय ते?”

इतका सोपा प्रश्न मला कुणी कधी विचारला नसेल. ‘कळलं होतं’, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तीस वर्षं कलमं बांधणाऱ्या माणसाने जाणूनबुजून शेवटच्या काड्या वाया घालवल्या, हे कबूल करावं लागलं असतं. आणि का घालवल्या तेही सांगावं लागलं असतं. भर दिवसा, पुतण्या दहा पावलांवर उभा असताना, चोपन्नाव्या वर्षी. जीभ आपोआप फिरली.

“नाही बाई,” मी म्हणालो. “मला नाही कळलं.”

मग त्यांनी मान डोलावली. “म्हणजे माझ्या एकटीमुळे गेलं,” म्हणाल्या.

त्या गाडीत जाऊन बसल्या. मी दार बाहेरून लावून दिलं आणि म्हणालो, “सावकाश जा.”

बाई चार वर्षांनी कर्जतलाच वारल्या. पुतण्या कसल्यातरी कागदासाठी इकडे आला होता, त्याने सांगितलं. “आत्या तुमचं नाव काढायची,” म्हणाला. “म्हणायची, धुमकांचा काही दोष नव्हता, माझ्यामुळे झाड गेलं. आम्हाला काही उलगडा व्हायचा नाही. शेवटच्या आजारपणातही तेच.”

मी त्याला पाणी दिलं, चहा केला. तो विचारत होता, “असं का म्हणायची हो ती?” मी म्हणालो, मला काय ठाऊक.